ताट, लस आणि गोळी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन. व्याख्यान बोलीत झाले, म्हणून भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत. – संपादक मंडळ)



लोणी देवकरसारख्या गावात सोसायटीने पंचवीस वर्षं पूर्ण करावीत, ही साधी गोष्ट नाही. एमआयडीसीत नोकरीला आलेले, शेती सांभाळून इथे राहायला आलेले, मुलांच्या शाळेसाठी आलेले, असे सगळे एका आवारात नांदताय. पण पंचवीस वर्षांचा एक हिशेब सोसायटीच्या ताळेबंदात येत नाही. ज्यांनी तिशीत इथे घर घेतलं, ते आज पंचावन्नचे झालेत. इमारतीला रंग देता येतो, पाइप बदलता येतात. शरीराचं तसं नाही.

या वयात माणसाचं साधारण दोन्हीपैकी एक होतं. एक तर तो सगळं गोळीवर सोपवतो, "गोळी चालू आहे ना, मग खा दोन गुलाबजाम." नाही तर मोबाइलवर काहीतरी वाचून गोळी बंद करतो आणि कडू रस सुरू करतो, "आता नैसर्गिक उपाय करतोय." दोघंही शेवटी दवाखान्यातच येतात. पहिला हळूहळू येतो, दुसरा कधी कधी एकदम अँब्युलन्समधून येतो. म्हणून आज एकच गोष्ट सांगणार आहे. शरीर निरोगी ठेवायला आहार, प्रतिकारशक्ती आणि औषध ही तिन्ही लागतात, पण तिघांची कामं वेगळी आहेत. एकाचं काम दुसऱ्याला सांगितलं की घोटाळा होतो. वॉचमनला प्लंबिंग सांगितल्यासारखं.

ताटाचं काम

आधी ताट. अन्नाचं काम शरीर बांधायचं, चालवायचं आणि रोजची झीज भरून काढायची. हे सगळ्यांना माहीत आहे. पण हे काम किती आधी सुरू होतं, हे आपल्याच जिल्ह्यातल्या एका अभ्यासाने जगाला दाखवलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा गरोदरपणापासून अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, अंगाने बारीक बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं सरासरी साडेतीन किलोची. आपली बाळं लहान, हे दिसतच होतं. नवल पुढे आहे. ही बाळं हाडा-मांसात कमी होती, पण कातडीखालच्या चरबीत त्या मानाने कमी नव्हती. वरून बारीक आणि आतून चरबीवाली. पुढे मोठेपणी मधुमेह होण्याची एक वाट इथून सुरू होते, असं त्यांनी मांडलं.

याच डॉक्टरांचा एक गमतीदार फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. एका बाजूला याज्ञिक, दुसऱ्या बाजूला त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं, दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. तेव्हा "मी कुठे जाड आहे, मला कशी शुगर होईल?" असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा पँटचा पट्टा जास्त खरं बोलतो.

त्या अभ्यासात अजून एक गोष्ट निघाली. ज्या गरोदर बायका पालेभाजी, फळं आणि दूध नियमित घेत होत्या, त्यांची बाळं जास्त चांगली भरली. यात महागाची पावडर कुठे नाही. मेथी, चाकवत, राजगिरा, शेवग्याचा पाला, हे सगळं आपल्या बाजारात मिळतं. आपल्या भागात डाळिंब आणि पेरू पिकतात. व्हिटॅमिन सी पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. तरी आपण पेरू गाडीत भरून पुण्याला पाठवतो आणि घरी पोरांना बाटलीतलं केशरी पाणी आणतो.

दुसरी उणीव म्हणजे बी-१२. याच अभ्यासात निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यातून मिळत नाही; दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. ज्यांना चालतं त्यांच्यासाठी उजनीचा मासा आहेच. भिगवणला लोक लांबून मासे खायला येतात, आपल्याला तर ते दारात आहेत. शाकाहारी मंडळींनी दूध-दही सोडू नये आणि मुंग्या येणं, थकवा, जीभ लाल होणं असं काही असेल तर तपासणी करून घ्यावी. आणि एक खास सूचना. मधुमेहाची मेटफॉर्मिन नावाची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं. म्हणून गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारून बी-१२ तपासायचं.

तिसरं म्हणजे रक्त. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. महाराष्ट्रात ५४ टक्के. म्हणजे इथे बसलेल्या दोन वहिनींपैकी एकीचं हिमोग्लोबिन कमी असू शकतं. आणि तिला ते माहीतही नसेल, कारण "दमल्यासारखं वाटतं" याला आपण आजार मानतच नाही. बाजरीत गव्हापेक्षा लोह जास्त असतं. हरभरा, मटकी, पालेभाज्या, तीळ आहेतच. पण नुसतं खाल्लं म्हणून अंगी लागेल असं नाही. उसळीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह जास्त शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की कमी होतं. जेवण आणि चहा यांच्यात तासभर अंतर ठेवा. या उपायाला एक रुपया खर्च नाही.

आता साखर. आपण उसाच्या तालुक्यात बसलोय. उसाने आपले संसार उभे केलेत, त्यामुळे उसाला मी नावं ठेवणार नाही. फक्त एक हिशेब करा. दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर दिवसाला ५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो, एका माणसाच्या नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा साधारण तेवढीच आहे, आणि निम्म्यावर आणली तर अजून चांगलं. म्हणजे आपली मर्यादा चहातच संपली. बिस्किट, पेढा, बर्फी, केक अजून आलेच नाहीत. मीठही तसंच, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं धरून. तेल माणशी रोज पंचवीस ग्रॅम धरलं तर चौघांच्या घरात महिन्याला तीन किलो. किराण्याची यादी काढून बघा, आपल्याकडे किती डबे येतात.

आपल्या मराठी मुलखात अन्नाचं हे शास्त्र आधीच सुरू झालेलं आहे. कमला सोहोनी १९३९ साली केंब्रिजमधून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आल्या, विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक. इथे येऊन त्यांनी कशावर काम केलं? डाळी-कडधान्यं, दूध आणि ताडाची नीरा. गरिबाच्या घरात जे आहे त्यातूनच पोषण कसं मिळेल, हे त्या बघत होत्या. तो प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

वॉचमनचं काम

आता प्रतिकारशक्ती. करोनानंतर हा शब्द इतका खपलाय की बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा 'इम्युनिटी' छापलेलं असतं. ती नेमकी काय, हे सोसायटीच्याच भाषेत सांगतो.

आपल्या गेटवर वॉचमन असतो. अनोळखी माणूस दिसला की तो अडवतो. शरीरातही पहिली फळी अशीच आहे: कातडी, नाकातले केस, शेंबूड, पोटातलं आम्ल, रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी. या कोणालाही अडवतात. दुसरी फळी हुशार असते. एकदा एखादा चोर येऊन गेला की त्याचा चेहरा ती लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी गेटवरच धरते. पण यात अडचण अशी, की पहिल्यांदा चोर येतो तेव्हा तो कधी कधी घर साफ करून जातो. मग चोर यायच्या आधीच त्याचा फोटो केबिनमध्ये चिकटवून ठेवला तर? लस म्हणजे तो फोटो.

हा फोटो वेळेवर मिळणं आणि न मिळणं यात काय फरक पडतो, ते १८९७ सालात बघा. त्या वर्षी प्लेगने मुंबई-पुण्यात थैमान घातलं होतं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वाल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याहून एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवरून तिथे आणलं, आणि त्यांनाच लागण झाली. हिंमतीत त्या कुठेच कमी नव्हत्या. वीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात उपाशी पोरांना जेवू घालणाऱ्याही त्याच. पण प्लेगचा जंतू हिंमत बघत नाही. लस नुकती तयार झाली होती, ती सगळ्यांपर्यंत पोचली नव्हती, आणि प्लेगवर गुण देणारं औषध तर अजून जन्मालाच यायचं होतं.

आज सोलापूर रस्त्याने आपण पुण्यात शिरतो तेव्हा हडपसरच लागतं. १९६६ साली सुरू झालेली सीरम इन्स्टिट्यूट त्याच हडपसरला आहे. डोसांच्या संख्येत जगातल्या सर्वांत मोठ्या लस उत्पादकांपैकी एक. ज्या भागात लशीवाचून माणसं गेली, तिथून आता जगभर लस जाते. पुढच्या वेळी एसटीतून जाताना खिडकीतून बघा.

लशीचा पुरावा इथेच बसलेला आहे. पन्नाशीच्या पुढच्या मंडळींनी दंडावर हात फिरवा, देवीच्या लशीचा व्रण सापडेल. लहान मुलांच्या दंडावर तो नाही. कारण १९७५ नंतर भारतात देवी राहिली नाही, आणि १९८० साली ती जगातून गेल्याचं जाहीर झालं. पोलिओचं पण तसंच. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. डोस पाजायला उन्हातान्हात फिरणाऱ्या अंगणवाडी ताईंचं आणि आशा ताईंचं ते काम आहे.

आता "इम्युनिटी वाढवा" या जाहिरातीकडे येऊ. प्रतिकारशक्ती हा काही कुकर नाही, की शिट्टी वाढली म्हणजे डाळ चांगली शिजली. ती जास्त झाली, भलतीकडे वळली, तर शरीरावरच उलटते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात काय झालं ते आठवा. गियाँ-बारे नावाचा आजार, जीबीएस. पुणे परिसरात दोनशेच्या वर लोकांना झाला. हातापायातली ताकद जायची, काहींना व्हेंटिलेटर लागला. बऱ्याच रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, जो दूषित पाण्यातून आणि कच्च्या-अर्धवट शिजलेल्या अन्नातून पोटात जातो. या जंतूचं वरचं आवरण आपल्या मज्जातंतूंच्या आवरणासारखं दिसतं. वॉचमनने चोराचा शर्ट लक्षात ठेवला, आणि तसाच शर्ट घातलेल्या सोसायटीच्या सभासदालाच बडवला. जीबीएस म्हणजे हेच. तिथे प्रतिकारशक्ती कमी पडली नव्हती, चुकीच्या दिशेने धावली होती.

म्हणून प्रतिकारशक्ती 'वाढवायची' नसते, ती शहाणी आणि तंदुरुस्त ठेवायची असते. त्याला लागतं पुरेसं प्रथिन, फळं-भाज्या, सात-आठ तास झोप, रोजचं चालणं, वेळेवर लस, आणि स्वच्छ पाणी. एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या भावांना खास सांगतो. तुमची झोप मोडते, हा तुमचा दोष नाही. पण पाळी संपल्यावर घरी येऊन पडदे ओढून सलग झोपा, मोबाइल बाहेर ठेवा, आणि रात्री दोन वाजता वडापावऐवजी डब्यातली भाकरी-उसळ खा. घरच्यांनीही त्या वेळी बेल वाजवू नये आणि मिक्सर लावू नये.

गोळीचं काम

तिसरं औषध. काही संकटं अशी असतात की तिथे ताटही कामाला येत नाही आणि वॉचमनही. तिथे औषधच लागतं, आणि तेही घड्याळ बघून.

याचं उत्तम उदाहरण महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात लाल विंचू चावला की धडधाकट माणसं दगावायची. शंभरातले तीस-चाळीस रुग्ण जायचे. अंगात ताकद किती, आहार कसा, याचा काही उपयोग नव्हता. विषाने हृदयावर ताण यायचा आणि फुप्फुसात पाणी भरायचं. बावस्करांनी महाडमध्ये रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणं केली आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी स्वस्त गोळी वापरून बघितली. मृत्यूचं प्रमाण शंभरात एखाददुसरं इतकं खाली आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे उसाच्या फडात विंचवापेक्षा साप जास्त. तिथेही हाच नियम. मंत्र नाही, पाला नाही, कापणं-चोखणं नाही, घट्ट दोरी बांधणं नाही. हातपाय न हलवता, १०८ ला फोन करून, सर्पदंशाची लस ठेवणारं सरकारी रुग्णालय गाठायचं.

दुसरं उदाहरण प्रतिजैविकांचं, म्हणजे अँटिबायोटिक्सचं. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, आणि देशात पेनिसिलिन तयार होऊ लागलं. तोपर्यंत साध्या जखमेने, न्यूमोनियाने माणसं जात होती. इतकं मोलाचं औषध आपण आज कसं वापरतो? सर्दी झाली की मेडिकलमधून "ती मागच्या वेळची द्या". सर्दी-पडसं बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतं, आणि प्रतिजैविक विषाणूंवर चालतच नाही. मग दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेली पट्टी कपाटात, पुढच्या वेळी शेजारच्या काकूंना. अशाने जंतू सरावतात, आणि खरी गरज पडते त्या दिवशी औषध लागू पडत नाही. त्यामुळे नियम एवढाच: डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय घ्यायचं नाही, लिहिलं तितके दिवस घ्यायचं, आणि कोणाला द्यायचं नाही.

तिसरं उदाहरण रक्तदाब आणि शुगरच्या गोळ्यांचं. यांच्याबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा, की "रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कशाला?" अहो, गोळी चालू आहे म्हणून रिपोर्ट नॉर्मल आहे. छत्री उघडी आहे म्हणून आपण कोरडे आहोत, पाऊस थांबलेला नाही. वजन उतरलं, चालणं वाढलं, तर गोळी कमी होऊ शकते, काहींची बंदही होते. पण तो निर्णय मोजमाप करून डॉक्टरांबरोबर घ्यायचा, स्वतःच्या मनाने नाही. पैशाची अडचण असेल तर तीही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. जनऔषधी केंद्रात याच गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात.

तिघं एकत्र आले की

आता तिघांची एकी दाखवणारं एक उदाहरण देतो. क्षयरोग, टीबी. त्यात तिन्ही लागतात. बाळाला बीसीजीची लस देतात, ती लहानपणीच्या गंभीर टीबीपासून वाचवते. रोग झाला तर किमान सहा महिने गोळ्या, त्या सरकार फुकट देतं. आणि अन्न? अन्नाने खरंच किती फरक पडतो, हे झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाने मोजून दाखवलं. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. टीबीच्या रुग्णांच्या घरातल्या दहा हजारांहून जास्त माणसांना त्यात घेतलं होतं. रुग्णांना औषध आणि शिधा सगळ्यांनाच मिळाला. पण निम्म्या गटात घरातल्या बाकीच्या माणसांनाही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि फुप्फुसाचा संसर्गजन्य टीबी ४८ टक्क्यांनी.

विचार करा, मंडळी. तांदूळ आणि तूरडाळ. आपण रोज करतो ते वरण-भात. ज्याला टीबी झाला त्याला वरण-भाताने बरं केलं नाही, ते गोळ्यांनी केलं. पण शेजारी झोपणाऱ्याचा टीबी वरण-भाताने अडवला, कारण त्याच्या वॉचमनला पोटभर जेवायला मिळालं. मी सुरुवातीला म्हटलं, कामं वेगळी आहेत. ती अशी वेगळी आहेत.

सोसायटी म्हणून काय करता येईल

घराघरांत ज्याचं तो बघेल. पण काही कामं एकट्याच्या हातात नसतात, ती सोसायटीच करू शकते. संचालक मंडळाने परवानगी दिली म्हणून चार सूचना करतो.

एक, पाण्याच्या टाक्या. वर्षातून दोनदा तरी धुवायच्या, तारीख बोर्डावर लिहायची, झाकणं घट्ट ठेवायची, क्लोरीन बघायचं. वरच्या शहरांचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पाण्याबाबत "चालतंय" हा शब्द काढून टाका.

दोन, महिन्याच्या एका रविवारी सोसायटीच्या ऑफिसात रक्तदाब मोजायचा. मशीन एकदाच घ्यायचं. चाळिशीपुढच्या प्रत्येकाने बसायचं आणि आकडा स्वतःच्या वहीत लिहायचा. १४०/९० च्या वर सारखा येत असेल, तर डॉक्टरांकडे जायचं. रक्तदाब दुखत नाही, म्हणूनच मोजावा लागतो.

तीन, गणपतीचा आणि हळदी-कुंकवाचा खाऊ. पेढे-बर्फी एक दिवस असू द्या, देवाचं मन मोडायचं नाही. बाकीचे दिवस पेरू, केळी, शेंगदाण्याची चिक्की, भिजवलेले हरभरे. आपल्याच शेतकऱ्याचा माल खपेल.

चार, जे एकटे राहतात, ज्यांची मुलं पुण्याला, बंगळुरूला आहेत, त्यांच्या गोळ्या संपल्या का, हे शेजाऱ्याने महिन्यातून एकदा विचारायचं. याला वर्गणी लागत नाही.

तुमच्या सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाला आज समोर बसलेली सगळी मंडळी, आपल्या पायांनी जिना चढून, याच सभागृहात यावीत, एवढीच इच्छा. रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.

निवडक प्रश्नोत्तरे

प्रश्न : साखरेऐवजी गूळ खाल्ला तर शुगर वाढत नाही ना?

उत्तर : वाढते. गुळात खनिजं थोडी जास्त असतात, पण रक्तातल्या साखरेला ते माहीत नसतं. मधुमेह असेल तर गूळ, मध, साखर तिघांनाही एकाच रांगेत उभं करा.

प्रश्न : हळदीचं दूध, आल्याचा काढा घ्यायचा की नाही?

उत्तर : जरूर घ्या. घशाला बरं वाटतं, आजीची माया मिळते. पण ताप तीन दिवसांच्या वर गेला, दम लागला, लघवी कमी झाली, तर काढ्याची वाट बघायची नाही.

प्रश्न : लहान मुलांना जुलाब झाले तर घरी काय करावं?

उत्तर : ओआरएसचं पाकीट घरात ठेवा. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, थोडं थोडं पाजत राहायचं. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही. मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, शौचातून रक्त आलं, तर लगेच दवाखाना.

प्रश्न : गुडघेदुखीवर गावात एक पुडी मिळते, दोन दिवसांत आराम पडतो. घ्यावी का?

उत्तर : इतका झटपट आराम देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि अचानक बंद केली तर जिवावर बेततं. कोणी घेत असेल तर पुडी घेऊनच डॉक्टरांकडे या, लपवू नका. तसंच शुगर-बीपीवाल्यांनी दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, किडनीला मार बसतो.

प्रश्न : मोठ्या माणसांना लशी असतात का?

उत्तर : असतात. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी. साठीच्या पुढे, शुगर किंवा दम्याच्या रुग्णांनी फ्लूच्या आणि न्यूमोनियाच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावं. आणि घरात नऊ ते चौदा वयाची मुलगी असेल, तर गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरविरुद्धची एचपीव्ही लस जरूर विचारा. या चारींचा फोटो आधीच केबिनमध्ये लावून ठेवलेला बरा.